बारा तासांचा कागद आणि किर्लोस्करवाडीचा निवडुंग

(पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा.)

मागच्या रविवारी भाच्याचा फोन आला. पोरगं इकडंच एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. म्हणाला, "मामा, कारखान्यात कागद फिरवलाय. बारा तासाच्या पाळीला आपली हरकत नाही म्हणून सही करायची. बाकीच्यांनी केली. मी करू का नको?"

मी म्हटलं, "दोन दिवस थांब."

"मामा, उद्या द्यायचाय."

"मग उद्या आजारी पड."

तो हसला, पण मला हसू आलं नाही. का ते सांगतो, आणि मग इतिहासात जरा लांब घेऊन जातो.

विषय सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मान्यता दिली. तीन महिन्यांत ११५ तासांपर्यंत चालणारा ओव्हरटाइम १४४ तासांवर, आणि त्याला कामगाराची लेखी संमती हवी. त्याआधी बड्या कंपन्यांचे बडे लोक बोलून गेलेच होते. नारायण मूर्ती २०२३ मध्ये आठवड्याला ७० तास म्हणाले, लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष २०२५ च्या जानेवारीत ९० तासांवर गेले. टीव्हीवर दोन दिवस चर्चा झाली, मीम्स झाले, विषय संपला. आमच्या भागात मात्र विषय संपला नाही, कारण इथं तो कागद होऊन टेबलावर आलाय.

मालक लोकांचं म्हणणं मी समजू शकतो, बरं का. मी बावीस वर्षं सुपरवायझर होतो. ऑर्डर तोंडावर आलेली असते, दोन माणसं लग्नाला गेलेली असतात, एक मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला असतो, आणि पुण्याहून साहेबाचा दर तासाला फोन. अशा वेळी डोक्यात पहिला उपाय येतो तो एकच: तास वाढवा आणि नजर वाढवा. मीही तेच केलं होतं. ज्या ठिकाणी केलं त्याचं नाव इथं घेत नाही, ते आता बंदही झालंय. एका वर्षी डिस्पॅचसाठी सलग तीन आठवडे आम्ही बारा-बारा तास चालवले. मोबाईल गेटवर जमा करून घेतले, कॅमेरे लावले, फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढं रोजचे नग लिहायला सुरुवात केली. पहिला आठवडा नग वाढले. दुसऱ्या आठवड्यात रिजेक्शन वाढलं. तिसऱ्या आठवड्यात रात्री सव्वासातला, म्हणजे अकराव्या तासाला, पॉवर प्रेसवरच्या एका पोराचा हात डायखाली राहिला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. ओव्हरटाइमच्या त्या पानावर सुपरवायझर म्हणून खाली सही माझी होती.

त्या रात्री सिव्हिलच्या बाकड्यावर बसलो होतो तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. माणसं कामात लक्ष कशानं घालतात? आणि दहा माणसं एकजुटीनं, चुका न करता, रोज काम करत राहतात ती कशामुळं? मॅनेजमेंटची पुस्तकं वाचून झाली, ट्रेनिंगं करून झाली. पण थोडंफार पटेल असं उत्तर मला आपल्याच भागात सापडलं, किर्लोस्करवाडीत. पूर्ण उत्तर नाही, आणि त्यातही खोट आहे. खोटही सांगणार आहे.

गोष्ट सुरू होते बेळगावात. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, गाव गुर्लहोसूर. पोराला चित्रकार व्हायचं होतं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं की यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंगांधळा चित्रकार! दुसरा असता तर गावी परत येऊन शेती बघितली असती. यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रं धरली, आणि त्यात असे तरबेज झाले की व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. पुढं बढतीची वेळ आली तेव्हा ती यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भाऊ रामुअण्णांच्या जोडीनं सायकलचं दुकान चालवायला घेतलं. तिथून कडबा कापायची यंत्रं, आणि तिथून लोखंडी नांगर.

या दोन गोष्टी मी मुद्दाम सांगितल्या. एक तर ज्या कामात आपण कच्चे आहोत ते सोडून ज्यात पक्के आहोत ते धरायचं, हे या माणसाच्या स्वतःच्या अंगावरून गेलं होतं. आणि लायकी असून डावललं गेल्यावर माणसाचं मन कामातून कसं उडतं, तेही त्यांनी भोगलं होतं. पुढं त्यांनी माणसं कशी निवडली ते पाहताना मला या दोन गोष्टी सारख्या आठवतात.

नांगराची कथा आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. लोखंडानं जमिनीला विष चढतं असं शेतकरी म्हणायचे. पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं गेली म्हणतात. त्यातच बेळगावची जागा नगरपालिकेच्या नव्या वस्तीच्या आड आली आणि कारखाना हलवायची पाळी आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढं आले. संस्थानच्या हद्दीत कुंडल रोड नावाचं रेल्वे स्टेशन होतं. त्याच्याजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांच्या कर्जाची सोय त्यांनी करून दिली. साल १९१०.

जमीन म्हणजे नुसता माळ. निवडुंग माजलेला आणि नागांचं राज्य. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढं इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच 'कॅक्टस अँड रोझेस'. निवडुंग तिथला, आणि पुढं गुलाबही तिथलेच.

सुरुवातीला तिथं पंचवीसेक कामगार होते, बायकापोरांसह. आता हे चित्र डोळ्यापुढं आणा. यंत्रं बसवायचीत, पण आधी साप मारायचेत. भट्टी पेटवायचीय, पण आधी प्यायच्या पाण्याची सोय करायचीय. फिटर आहे, पण त्याच्या बायकोला सांजच्याला दिव्याला तेल कुठून आणू हा प्रश्न पडलाय. अशा ठिकाणी माणूस आठ तास कामात लक्ष घालणार कसा? किर्लोस्करांनी कारखाना आणि गाव एकदमच बांधायला घेतलं. गावच्या मांडणीचं, घरं-पाणी-स्वच्छतेचं काम थोरल्या रामुअण्णांकडं, यंत्रांचं लक्ष्मणरावांकडं. आजच्या भाषेत सांगायचं तर मालकानं कामगाराच्या डोक्यातली निम्मी काळजी आधी स्वतःच्या डोक्यावर घेतली, आणि मग त्याच्याकडं काम मागितलं.

मी सुपरवायझर असताना या एका गोष्टीकडं माझं कधी लक्षच गेलं नाही. पोरगं मशीनवर उभं असतं तेव्हा त्याचं डोकं तिथंच असतं असं आपण धरून चालतो. त्याच्या डोक्यात काय काय चाललेलं असतं? बँकेचा हप्ता, आईचं डायलिसिस, दुपारी तीनला येणारं पाण्याचं टँकर. मोबाईल गेटवर जमा करता येतो. हे कुठं जमा करणार?

आता माणसांबद्दल. वाडीच्या पहिल्या फळीतली नावं बघा. शंभुराव जांभेकर, शाळेच्या परीक्षेत नापास झालेले, वाडीत इंजिनिअर झाले. अनंतराव फळणीकर, शाळा अर्धवट सोडलेले, पण नवीन काही घडवायला डोकं भन्नाट. मंगेशराव रेगे हिशेबात पक्के, ते कचेरी आणि जमाखर्च बघायचे. के. के. कुलकर्णी म्हणजे खोड्या काढण्यात नावाजलेले. लोक म्हणायचे हा पोरगा कामाचा नाही. त्यांच्याकडं गेलं व्यवस्थापन आणि विक्री. ज्याला चार माणसांत बसून बोलल्याशिवाय करमत नाही त्याला विक्रीला पाठवायचं, यात मोठं शास्त्र नाही. पण बघा आपल्या आजूबाजूला, किती ठिकाणी असा माणूस स्टोअरमध्ये एकटा कोंडलेला असतो आणि साहेब म्हणतात याचं लक्ष नसतं.

आणि रात्रीच्या राखणीला ठेवले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेली माणसं. ज्या काळात इंग्रज सरकार जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवून त्यांची हजेरी घ्यायचं, त्या काळात या दोघांच्या भरवशावर अख्खं गाव झोपायचं. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असाही दंडक होता. (त्यांची नावं इतिहासात जातीसकट उरली आणि रेग्यांचं नाव 'राव' लावून उरलं, हेही नोंदवून ठेवतो. इतिहास लिहिणारे आपणच.)

इथं एक शंका येईल. ही सगळी मालकाच्या मोठेपणाची गाणी नाहीत का? थोडी आहेत. पण व्यवहार बघा. लोखंडी नांगराचं ओतकाम म्हणजे बारीक काम. साचा जरा ओला राहिला, रस जरा गार झाला, की फाळ पहिल्याच दगडाला तडकणार. तडकलेला फाळ म्हणजे नुसतं रिजेक्शन नव्हे. आधीच लोखंडाला विष म्हणणारा शेतकरी कायमचा गेला. म्हणजे साचा करणारा, भट्टीवाला, घासणारा, सगळ्यांचं मन एकाच वेळी एकाच वस्तूवर हवं. हे धाकानं होत नाही. धाकानं हात चालतो, डोळा चालत नाही.

वाडीत आणखी एक गोष्ट झाली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली आणि त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक निघालं, संपादक शंकरराव किर्लोस्कर. सुरुवातीला ते कारखान्याचं बातमीपत्रच होतं. पुढं त्याचं 'किर्लोस्कर' झालं, १९३० मध्ये 'स्त्री' निघालं, १९३४ मध्ये 'मनोहर'. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचं अर्धं वाचन निवडुंगाच्या माळावरच्या छापखान्यातून यायचं. पण मला यातलं पहिलं पाऊल महत्त्वाचं वाटतं. आपण घडवलेला नांगर कुठल्या शिवारात चालला, कुणी काय तक्रार केली, नवीन यंत्र कुठलं येतंय, हे कागदावर छापून यायला लागलं. आमच्या वर्कशॉपमध्ये तीन वर्षं एक पार्ट करणाऱ्या पोराला मी एकदा विचारलं, हा कुठं बसतो रे? म्हणाला, "काय की. ट्रकात बसतो आन् जातो." मलाही पक्कं माहीत नव्हतं. आणि त्याचं लक्ष नाही म्हणून मी त्याला ओरडायचो.

नांगर शिवारात पोचवणारे कोण होते, तेही सांगायला हवं. त्यांतला एक म्हणजे भाऊराव पाटील. होय, कर्मवीर. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत हा माणूस गावोगाव फिरला. साताऱ्यात धनजीशा कूपरांबरोबरही त्यांनी काम केलं. नांगर विकता विकता त्यांनी गावातली बिनशाळेची पोरं बघितली. १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एकत्र राबायची. १९२७ मध्ये गांधीजी येऊन बघून गेले. सरळसरळ किर्लोस्करवाडीतून रयत निघाली असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं होईल. पण कृष्णाकाठच्या या पन्नास-साठ मैलांच्या पट्ट्यात एकाच पिढीत वाडी झाली, ओगलेवाडी झाली, साताऱ्यात कूपरांचा कारखाना झाला आणि रयत झाली. एक माणूस त्या चारही ठिकाणी वावरलेला असावा, हे मला फार बोलकं वाटतं.

आता खोट.

वाडीत घर कारखान्याचं, दुकान कारखान्याचं, शाळाही त्याच छत्राखाली. सुखाची गोष्ट, पण नोकरी गेली की घरही गेलं. मालक चांगला तोवर सगळं चांगलं. पुढच्या पिढीचा मालक तसाच निघेल याची हमी कोण देणार? कामगाराच्या डोक्यावरची काळजी काढून घेताना त्याच्या हातातला निर्णयही नकळत काढला जातो. हे किर्लोस्करांवर आरोप म्हणून लिहीत नाही. जगभर अशा वसाहतींत हेच झालं.

दुसरं म्हणजे कुंपणाच्या आतली एकजूट कुंपणाच्या बाहेर पोचतेच असं नाही. १९४८ मध्ये गांधीजींच्या खुनानंतर आपल्या भागात जी जाळपोळ झाली तिची झळ किर्लोस्करवाडीलाही बसली, कारखाना पेटला. त्या जाळपोळीचं समर्थन नाहीच. तिच्यामागं जातीचा राग होता, आणि त्यात निरपराध माणसं पोळली. पण ज्या कारखान्यानं अख्ख्या मुलखाला नांगर दिला, त्याच्या दारात आग आली, हा प्रश्न मनातून जात नाही. आतल्या पंचवीस घरांची काळजी वाहणं एक आणि बाहेरच्या पंचवीस गावांशी नातं ठेवणं वेगळं.

वाडीतल्या बायकांच्या कामाचा हिशेब तर कुठल्याच वहीत नाही. नागांच्या माळावर संसार मांडला त्यांनीच.

जरा परदेशात जाऊन येऊ, कारण नजर ठेवायचा उपाय काही आजचा नाही. स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क नावाची सूतगिरणी होती, १८०० पासून तिचा कारभार रॉबर्ट ओवेन बघायचा. त्यानं प्रत्येक कामगाराच्या जागी एक लाकडी ठोकळा टांगला. चार बाजू, चार रंग. काळा म्हणजे काम वाईट, निळा म्हणजे बेताचं, पिवळा म्हणजे चांगलं, पांढरा म्हणजे उत्तम. काल तुम्ही कसं काम केलं ते आज सगळ्या खात्याला दिसायचं. वाचून मी चपापलो. मी फळ्यावर नग लिहायचो ते याच जातीचं. आज संगणकाच्या पडद्यावर हिरवे-लाल ठिपके येतात तेही याच जातीचे.

पण ओवेनची दुसरी गोष्ट ठोकळ्याइतकी सांगितली जात नाही. एकदा अमेरिकेनं निर्यात रोखल्यानं कापूस महागला आणि त्यानं चार महिने गिरणी बंद ठेवली. त्या चार महिन्यांचा पूर्ण पगार त्यानं कामगारांना दिला. त्याआधी त्याच्याकडं संशयानं बघणारी माणसं नंतर त्याच्या बाजूची झाली. ठोकळ्यानं जमलं नव्हतं ते पगारानं जमलं. कामाचे तासही त्यानं पुढं साडेदहावर आणले, आणि त्या काळी ते कमी होते, बरं का!

आणि सत्तर तासांचं काय? पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये तोफगोळ्यांच्या कारखान्यांत माणसं आठवड्याला सत्तर-सत्तर तास राबवली गेली. देशाचा प्रश्न होता, म्हणजे कामचुकारपणा नव्हताच. सरकारनं समिती नेमली, तिनं नग मोजले. त्याच आकड्यांचा जॉन पेन्कॅव्हेल या अर्थशास्त्रज्ञानं २०१४ मध्ये पुन्हा अभ्यास केला. सत्तर तास काम करून निघणारा माल आणि छप्पन्न तास काम करून निघणारा माल यांत जवळपास फरक नव्हता. वरचे चौदा तास गेले कुठं? थकव्यात, चुकांत, अपघातांत. माझ्या प्रेसवाल्या पोराची दोन बोटं त्या चौदा तासांतली.

जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस आला, कायद्यानं सांगायच्या कितीतरी आधी. भट्टीसमोर बारा तास उभा माणूस काय कामाचा, हे त्यांना कळलं होतं.

आपल्याकडं कायद्यानं यायला वेळ लागला. मुंबईच्या गिरण्यांत सातारा जिल्ह्यातली आणि कोकणातली माणसं भरलेली. आपल्यातल्या कितीजणांचे आजे-पणजे तिथं होते ते घरात विचारा. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये या माणसांची सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहाला गिरणी सुरू आणि दिवस मावळला की बंद. पगार पंधरा तारखेच्या आत. त्यातला रविवार मिळायला १८९० उजाडलं.

म्हणजे आपल्या माणसांनी कारखान्याच्या कागदावर पहिल्यांदा एकत्र सह्या केल्या त्या तास कमी करून घ्यायला. वाढवायला नव्हे.

पुढं १९४२ ते १९४६ डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य होते. ७ नोव्हेंबर १९०० ला सातारच्या सरकारी शाळेत ज्यांचं नाव घातलं गेलं तेच हे. त्यांच्या काळात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा फॅक्टरी कायद्यात आली, आणि १९४८ च्या कायद्यात ती कायम झाली. रोज ९ तासांची कमाल मर्यादाही त्याच कायद्यातली. आज १२ होतेय ती ती.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगता येणार नव्हतं. सोमवारी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. (आजारी पडला नव्हता. कागद खिशात घालून घरी आला होता.) कागद वाचला. अर्धं पान मराठी, अर्धं इंग्रजी. पैशाचा उल्लेख "नियमाप्रमाणे".

मी त्याला विचारलं, तुमच्यात रिजेक्शन कुठल्या वेळेला जास्त येतं? म्हणाला, "जेवणानंतर आन् शेवटच्या दोन तासांत." हे कुणी लिहून ठेवतं का? नाही. सेटिंग बदलताना मशीन किती वेळ उभं राहतं? "दिवसाला दीड-दोन तास जातात. टूल शोधण्यात बी जातात." हे कुणी मालकाला सांगितलंय का? "आमाला कोन विचारतंय, मामा."

मग आम्ही दोघांनी वहीच्या पानावर लिहायला घेतलं. मागच्या आठवड्यात त्याच्या खात्यात कुठं किती वेळ वाया गेला, अंदाजानं नाही, आठवून आठवून. टूल जागेवर नसणं, ड्रॉइंगची जुनी प्रत, क्रेनची वाट बघणं, माल उशिरा येणं. बेरीज केली तेव्हा एका माणसामागं आठवड्याला अकरा तास निघाले. त्याची बायको पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. ती म्हणाली, "मग ते अकरा तास आधी घ्या की म्हणावं. माणसाचे कशाला घेताय?"

बारा तास पाळी, आणि जायला-यायला मोटारसायकलवर दीड तास. पोरगी बालवाडीत आहे. हा निघतो तेव्हा झोपलेली, येईल तेव्हाही झोपलेली.

मंगळवारी त्यानं वहीचं ते पान आणि बिनसहीचा कागद, दोन्ही साहेबाच्या टेबलावर ठेवलं. साहेबानं पान वाचलं, घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "बघू." कागद परत दिला, "शुक्रवारपर्यंत दे."

आज बुधवार आहे. खात्यातल्या आणखी दोघांनी सही केलेला कागद परत मागितलाय, असं आत्ताच भाच्यानं फोनवर सांगितलं.

तुमच्या घरातलं कुणी वाडीला, ओगलेवाडीला, कूपरला किंवा मुंबईच्या गिरणीत कामाला असेल आणि तिथले तास, पगार, पाळ्या यांबद्दल काही सांगत असेल, तर ते आत्ताच विचारून लिहून ठेवा. माझ्या सासऱ्यांना मी विचारायचं म्हणत राहिलो.